आजीची पाऊणकी

बालमित्रांनो, उलटी वाहणारी नदी पाहिली आहे का तुम्ही? हसू नका! मला कुणी असं विचारलं असतं, तर मीही हसलेच असते.

मी मूळची कऱ्हाडकडची. आमच्याकडे कृष्णा आणि कोयना या दोन नद्या समोरासमोर येऊन एकमेकींना भेटतात. त्या जागेला प्रीतिसंगम म्हणतात. लहानपणापासून नदी पाहिली ती एकाच दिशेनं जाणारी. पुढे डी.एड. झालं, नोकरी लागली आणि पत्र्याची ट्रंक घेऊन मी कुंभार्ली घाट उतरून चिपळूण तालुक्यात आले. शाळा मिळाली ती वाशिष्ठी नदीच्या काठची.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी शाळेत जाताना पाहिलं, तर नदीवरून एक नारळाची झावळी तरंगत दाभोळच्या बाजूला, म्हणजे समुद्राकडे चालली होती. दुपारी परत येताना पाहते तो काय, तशीच एक झावळी चिपळूणच्या बाजूला, म्हणजे डोंगराकडे चाललेली! दुसऱ्या दिवशी मी वर्गात विचारलं, "काय रे, तुमची नदी उलटी कशी वाहते?" सगळा वर्ग खो खो हसला. "बाई, भरती लागली होती!"

म्हणजे पहिला धडा मी शिकवला नाही, शिकले.

वाशिष्ठी सह्याद्रीत उगम पावते, चिपळूण शहराजवळून जाते आणि दाभोळला अरबी समुद्राला मिळते. तिचा खालचा भाग इतका सपाट आहे, की भरतीच्या वेळी समुद्राचं पाणी आत शिरतं आणि चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत चढतं. म्हणून या भागाला लोक नदी न म्हणता खाडी म्हणतात. आणखी एक गंमत सांगू? कोयना धरणाचं पाणी डोंगरातल्या बोगद्यातून पोफळीकडे उतरवतात, त्यावर वीज तयार करतात आणि मग ते पाणी वाशिष्ठीत सोडतात. आमची कोयना खरी पूर्वेकडची. कृष्णेला मिळून ती बंगालच्या उपसागराकडे जाते. पण तिचं बरंच पाणी माझ्यासारखंच सह्याद्री उतरून कोकणात आलं आहे! खाडीकडे बघताना मला उगाचच माहेरचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटतं.

आता मुख्य गोष्टीकडे येते. माझ्या वर्गात, चौथीत, एक मुलगा होता. त्याचं नाव नाही सांगत. तो हा अंक वाचेल आणि लाजेल. मुलगा शांत, अक्षर बरं, पण सारखा गैरहजर. आला की दहा-अकरा दिवस नियमित यायचा आणि मग सलग तीन-चार दिवस गायब. मार्चमध्ये आमची शाळा सकाळची होते, साडेसात ते साडेअकरा. तेव्हापासून तर त्याच्या दांड्या फारच वाढल्या. त्यात अपूर्णांकांचा धडा चालू होता. पाव, अर्धा, पाऊण. फळ्यावर 'आठचे तीन चतुर्थांश किती?' असं लिहिलं, की हा खाली मान घालून बसायचा.

एक दिवस माझा पारा चढला. सगळ्या वर्गासमोर मी त्याला म्हटलं, "अभ्यास नको म्हणून घरी बसतोस ना? आळशी कुठला!" तो काही बोलला नाही. डोळ्यांत पाणी मात्र आलं.

त्या रात्री हजेरीपत्रक भरायला घेतलं. त्याच्या नावापुढच्या रेघा बघता बघता मला काहीतरी विचित्र दिसलं. गैरहजेरी अशीतशी नव्हती. तीन-चार दिवसांचा एक पुंजका, मग मोकळी जागा, मग पंधरा दिवसांनी पुन्हा पुंजका. भिंतीवरची दिनदर्शिका काढून तारखा ताडून पाहिल्या. प्रत्येक पुंजका अमावास्या किंवा पौर्णिमा झाली की सुरू होत होता! आळस काही तिथी बघून येत नाही. मला वर्गातलं माझं बोलणं आठवलं आणि झोप लागेना.

गुढीपाडव्याच्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. वडील मोठ्या बोटीवर कामाला, महिना महिना घरी नाहीत. आई मुंबईला. घरी हा आणि त्याची आजी. आजी अंगणात बसून जाळ्याचं भोक शिवत होती. मला बघून उठायला लागली, पण गुडघ्यानं तिला पटकन उठू दिलं नाही.

"आजी, हा शाळेत का येत नाही?" मी विचारलं.

आजीनं सुई थांबवली. "बाई, मी सांगते त्येला, शाळंत जा. पन उधाणाच्या दिसांत खाडी लय सुकते. तवाच तिसऱ्या गावतात. माजा गुडघा असा. टोपली कोन उचलनार?"

"मग शाळा सुटल्यावर जा की."

आजी हसली. तोंडात दोनच दात होते, पण हसू फार गोड. "बाई, पानी काय तुमच्या घंटेवर येत न्हाय."

मी म्हटलं, "मग कशावर येतं?"

आजी म्हणाली, "पाऊणकीवर!"

मुलांनो, पाऊणकी म्हणजे काय, ते तुमच्या आजी-आजोबांना विचारा. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. आजी फक्त दुसरीपर्यंत शिकलेली, पण तिनं तिथंच मांडी घालून म्हणायला सुरुवात केली. "एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन, पाच पाऊण पावणेचार, सहा पाऊण साडेचार, सात पाऊण सव्वापाच, आठ पाऊण सहा..."

मग नातवाला म्हणाली, "सांग बाईंना, उद्या काय?"

आणि तो, वर्गात मान खाली घालणारा मुलगा, झटकन म्हणाला, "उद्या दुतिया. दोन पाऊण दीड. दुपारी दीडला भरती. सहा तास मागं गेलं की साडेसात. साडेसातला सुकती. पन ती दाभोळला. आपल्याकडं यायला आनखी तासभर. म्हंजे साडेआठ."

मी थक्कच झाले! हा तर तीन चतुर्थांशाचा गुणाकार तोंडी करत होता. फक्त माझ्या फळ्यावरचे ते वर एक, खाली एक आकडे आणि मधली रेघ म्हणजेच त्याची पाऊणकी, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. कुणी म्हणजे मीच.

हे गणित कसं चालतं, ते समजून घेऊ या. चंद्र पृथ्वीवरचं समुद्राचं पाणी ओढतो. आपल्या किनाऱ्यावर दिवसात साधारण दोन वेळा भरती आणि दोन वेळा ओहोटी येते. ओहोटीला इथले लोक सुकती म्हणतात. पण चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळे भरतीही रोज तेवढीच उशिरा येते. आजीचा 'पाऊण' म्हणजे पाऊण तास, ४५ मिनिटं. तिथीला पाऊणनं गुणलं की भरतीची वेळ निघते. पाच मिनिटांचा फरक राहतो, तो साठत साठत जातो. म्हणून पौर्णिमेला पाऊणकीप्रमाणे सव्वाअकरा आले तरी आजी सरळ 'बारा' म्हणते आणि पुन्हा एकपासून सुरू करते. आहे की नाही हुशारी?

अमावास्या आणि पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र दोघं मिळून पाणी ओढतात. म्हणून तेव्हा भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. हे उधाण. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ वेगवेगळ्या दिशांना असते, तेव्हा पाणी थोडंच चढतं, थोडंच उतरतं. त्याला भांग म्हणतात. आता कळलं ना, हजेरीपत्रकातले पुंजके कुठून आले ते?

"उद्या रविवार हाय. या आमच्याबरोबर," आजी म्हणाली. मी लगेच हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही निघालो. आजी, तिचा नातू, शेजारचे एक काका आणि मी. होडी काकांची. चैत्र लागलेला. काठावरच्या काजूंना बोंडं धरली होती, आंब्यांना कैऱ्या लटकत होत्या, हवेत अजून थोडा गारवा होता. काकांनी वल्हं नुसतं पाण्यात धरलं होतं. मारत नव्हते. "ओहोटीच नेते आपल्याला. येताना भरती आनंल. उगाच दमायचं कशाला?" ते म्हणाले.

मासेमारीला हे दिवस चांगले, असं काका सांगत होते. पावसाळ्यात खाडी गोड्या, गढूळ पाण्यानं भरलेली असते. होळीपर्यंत डोंगराचं पाणी कमी होतं, खारं पाणी वरपर्यंत चढतं आणि त्याच्याबरोबर समुद्रातले मासेही आत येतात. दोन्ही काठांना तिवरांची दाट झाडी. चिखलातून तिवराची मुळं पेन्सिलींसारखी सरळ वर आलेली. ती झाडाला श्वास घ्यायला असतात. त्या मुळांच्या जाळीत माशांची आणि कोळंबीची पिल्लं लपून मोठी होतात. म्हणजे ती त्यांची बालवाडीच! चिखलावर निवट्या नावाचे छोटे मासे पुढच्या परांवर टुणटुण चालत होते. मासा असून जमिनीवर फिरतो, आहे ना मजा?

"बाई, तिकडं बघा," मुलगा हळूच म्हणाला. पलीकडच्या चिखलावर एक ओंडका पडला होता. त्या ओंडक्यानं तोंड उघडलं! मगर. वाशिष्ठीच्या खाडीत मगरी आहेत. मी होडीची कड घट्ट धरली. आजी म्हणाली, "ती ऊन खाते. आपन आपल्या वाटंनं जायचं, तिच्या वाटंला जायचं न्हाय."

एका वळणाशी काकांनी पाग काढला. पाग म्हणजे फेकायचं गोल जाळं. त्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात. दोरी मनगटाला बांधली, जाळ्याचा घोळ कोपरावर घेतला, एक कड दातांत धरली, अंगाला गिरकी दिली आणि पाग हवेत छत्रीसारखा उघडून पाण्यावर पडला. पहिल्या वेळी नुसती तिवराची पानं. दुसऱ्या वेळी चार बोय आणि एक शेंगटी. बोय मोठी चपळ, एक तर जाळ्यावरून उडी मारून पळाली. शेंगटीला हात लावायला गेले, तर मुलानं माझा हात धरला. "काटा लागंल, बाई. लय ठणकतं." त्यानं ती कापडात पकडून सोडवली. बोटाएवढ्या दोन बोय होत्या, त्या काकांनी परत पाण्यात टाकल्या.

साडेआठच्या सुमाराला खाडीच्या मध्ये वाळूचा एक लांब दांडा उघडा पडला. इथंच तिसऱ्या. तिसऱ्या म्हणजे दोन शिंपांतला जीव. ओल्या वाळूत बारीक भोकं दिसतात, तिथं बोटांनी उकरायचं. आजी वाकून उकरत होती, नातू टोपली पुढं पुढं सरकवत होता. मीही उकरायला लागले. दहा मिनिटांत माझी नखं दुखायला लागली आणि ओंजळभरच तिसऱ्या जमल्या. त्यातल्या निम्म्या आजीनं निवडून परत वाळूत टाकल्या. "ह्या बारक्या. ह्या आता खाल्ल्या तर दिवाळीला काय खानार?"

आजी उकरता उकरता सांगत होती, पूर्वी एका सुकतीला दोन टोपल्या व्हायच्या, आता एक भरायला दोन दिवस लागतात. कारखान्यांचं सांडपाणी, वाळूचा उपसा, बारीक भोकांची जाळी, तोडलेली तिवरं. तिनं एकेक बोट मोडत कारणं सांगितली. "पानी वेळंवर येतं बाई. मासाच येत न्हाय," ती म्हणाली.

मला तिथं फार छान वाटत होतं. रंगीत शिंपले गोळा करत करत मी दांड्याच्या टोकापर्यंत गेले. होडी दुसऱ्या टोकाला. मागून मुलाची हाक आली, "बाई, चला आता!" मी वळून पाहिलं. पाणी तर लांब होतं, वाळू कोरडी. म्हटलं, "पाच मिनिटं थांब रे."

तो पळतच आला. "न्हाय बाई. पानी फिरलं."

"कुठं फिरलं? मला तर काही दिसत नाही."

त्यानं माझ्या हाताला धरलं. मुलांनो, मी त्याची शिक्षिका, आणि तो मला अक्षरशः ओढत होता! मधे वाळूत एक सखल घळ होती. मघाशी मी ती कोरड्या पायांनी ओलांडली होती. आता तिच्यात गुडघाभर पाणी होतं आणि ते जोरात आत येत होतं. भरती समोरून येत नाही, आधी अशा सखल जागांतून मागच्या बाजूनं शिरते, हे मला माहीतच नव्हतं. आम्ही ओलांडायला लागलो, तोवर पाणी माझ्या मांडीपर्यंत आणि त्याच्या कमरेपर्यंत आलं. एका ठिकाणी पायाखालची वाळू सरकली. माझे शिंपले सगळे गेले. त्यानं माझा हात सोडला नाही. काकांनी होडी पुढं आणली आणि आम्हाला ओढून घेतलं.

होडीत बसल्यावर मागं पाहिलं. मी उभी होते ते टोक वाळूचं एक छोटंसं बेट झालं होतं. थोड्या वेळानं तेही दिसेनासं झालं. कुणीच काही बोललं नाही. आजीनं फक्त तिच्या पदरानं माझं डोकं पुसलं, मी तिची नातच असल्यासारखं.

मग मी त्या मुलाला म्हटलं, "मी तुला सगळ्यांसमोर आळशी म्हटलं. चुकलं माझं. उद्या हेही सगळ्यांसमोर सांगणार आहे."

तो पाण्याकडे बघत म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, बाई." पण दुसऱ्या दिवशी मी सांगितलं. आणि फळ्यावर तीन चतुर्थांश लिहून त्याच्या बाजूला 'पाऊण' लिहिलं. त्यानं सगळ्या वर्गाला पाऊणकी शिकवली.

आता तुम्ही म्हणाल, मग तो रोज शाळेत यायला लागला का? खरं सांगते, नाही. आजीचा गुडघा काही बरा झाला नाही आणि तिसऱ्या विकूनच घरात तेल-मीठ येतं. पण आजीशी बोलून आम्ही एक वाट काढली. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी त्यानं जायचं. शाळेच्या दिवशी शेजारच्या काकू आजीची टोपली उचलतील. अगदीच अडलं, तर एका उधाणाला एकच दिवस दांडी, आणि तीही आधी सांगून. त्या दिवसाचा अभ्यास संध्याकाळी पाच वाजता माझ्याकडे येऊन करायचा. हजेरीपत्रकात मी त्या दिवशी गैरहजेरीच मांडते. खोटं कसं मांडणार? पण माझ्या वहीत शेजारी तिथी लिहून ठेवते.

वार्षिक परीक्षेचं वेळापत्रक लावलं, तेव्हा सगळी मुलं कुठला पेपर कधी ते बघत होती. हा मात्र बोटं मोजत उभा होता. मग माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, "बाई, परीक्षा अष्टमीच्या आसपास हाय. भांग हाय. मी येनार."

आणि आला! सगळे पेपर दिले. गणितात वर्गात दुसरा.

आमच्या वर्गाच्या भिंतीवर आता एक कागद असतो. रोज एक मूल त्यावर तिथी, भरती आणि सुकतीची वेळ लिहितं. हे फक्त माशांसाठी नाही बरं का. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात मोठा पूर आला, तेव्हा गुरुपौर्णिमा दोनच दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचे दिवस. डोंगरावरून धो धो पाऊस आणि खालून भरती. अशा वेळी पुराचं पाणी लवकर ओसरत नाही. म्हणून खाडीकाठच्या माणसाला पाण्याचं घड्याळ कळायलाच हवं.

तुम्हीही करून बघा. दिनदर्शिकेत आजची तिथी पाहा, तिला पाऊणनं गुणा आणि कोकणातल्या एखाद्या मित्राला विचारा, तुमच्याकडे आज भरती किती वाजता आली? थोडाफार फरक पडेल, कारण प्रत्येक गावाचं आणि खाडीचं अंतर वेगळं. पण मोठ्या माणसांशिवाय खाडीत पाऊल टाकायचं नाही, हे मात्र लक्षात ठेवा. मी टाकलं होतं ते मोठ्यांच्याच सोबतीनं, आणि तरीही मला परत आणायला चौथीतला एक मुलगा लागला!